उचल

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. एकाच आठवड्यात मला नेपाळातून दोन निरोप आले आणि दोघांनीही पैसेच मागितले.

पहिला काठमांडूच्या एका ट्रेकिंग एजन्सीचा. पन्नाशी उलटल्यावर मला हिमालय चढायची हुक्की आली होती. अन्नपूर्णेच्या भोवतीची वाट, थोरांग ला ही खिंड आणि पलीकडे मुक्तिनाथ. देवघरातल्या शाळिग्रामाकडे बोट दाखवून आजी म्हणायची, "हा गंडकीतला हो, मुक्तिनाथाकडचा." तो आमच्या घरात कोणी आणला ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण भाट्याच्या खाडीकाठच्या घरात बसून ते नाव लहानपणापासून कानावर पडलेलं. तर एजन्सीचा माणूस अत्यंत नम्र इंग्रजीत लिहीत होता की पंचवीस हजार रुपये आगाऊ पाठवा म्हणजे वाटाड्या आणि हमाल पक्के करतो.

दुसरा निरोप आमच्या बागेतल्या राखणदाराचा. रत्नागिरीकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे हापूसच्या बागांची राखण, फवारणीला हाताखाली माणूस, मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशी, या सगळ्या कामांना आता बरेचसे नेपाळी असतात. दिवाळीच्या आसपास येतात, कलमांखाली खोपटी बांधून राहतात आणि आंबा उतरला की पावसाआधी घरी जातात. हा आमच्याकडे पाच वर्षं येत होता. फोनवर म्हणाला, "काका, दसैंला घरी खर्च आहे, आणि यायला गाडीभाडं पण. पंधरा हजार उचल पाठवा ना."

मी त्याला म्हटलं, "तू आधी ये, मग बघू."

आणि काठमांडूचे पैसे दोन दिवसांत भरायच्या खटपटीला लागलो.

हा लेख त्या दोन उत्तरांतल्या फरकाबद्दल आहे. माझी बाजू आधी सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी दुसरा एक जण उचल घेऊन आलाच नव्हता. तेव्हापासून मी कानाला खडा लावला होता. पण मग ज्या एजन्सीतला एकही माणूस मी पाहिलेला नाही, तिच्यावर माझा विश्वास का बसला? बायकोने हेच विचारलं होतं, "अहो, ओळख ना पाळख, त्यांना पाठवता आणि याला नाही म्हणता?" मी म्हटलं, "त्यांची वेबसाइट आहे, पावती देतात." ती काही बोलली नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि मग सवयीप्रमाणे मी जुनं वाचत बसलो.

परक्या मुलखात डोंगर चढायचा तर अनोळखी माणसाच्या हाती आधी पैसे आणि मग जीव द्यावा लागतो. हा व्यवहार माणसांनी कसा बसवला, याचा इतिहास मोठा मजेदार आहे.

आपल्याकडची जुनी रीत म्हणजे तीर्थाचा पंडा. आज ज्याला आपण टूर कंपनी म्हणतो ती सगळी कामं तो करी. उतरायची जागा, वाट दाखवणं, विधी, आणि गाठीचे पैसे संपले तर उसने देणंसुद्धा. बद्रीनाथचे पंडे देवप्रयागचे. थंडीत देऊळ बंद झालं की ते खाली मैदानात आपापल्या यजमानांच्या गावी फिरत. मागचं येणं वसूल होई आणि पुढच्या उन्हाळ्याची यात्रा ठरे. त्यांच्याकडे वह्या असत. तुमचे आजोबा, पणजोबा कधी आले, कोणाबरोबर आले, सगळं लिहिलेलं. तुम्ही त्याला ओळखत नसलात तरी त्याची वही तुम्हाला ओळखे. विश्वास त्या वहीवर होता.

रोकड मात्र कोणी कमरेला बांधून नेत नसे. तिच्यासाठी हुंडी. इथल्या पेढीवर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि काशीतल्या पेढीवर ती वटवायची. दाखवताक्षणी पैसे मिळाले तर दर्शनी, ठरावीक दिवसांनी मिळाले तर मुदती. ही पद्धत इतकी मुरलेली होती की इंग्रजांनी १८८१ मध्ये चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांचे स्थानिक रिवाज तसेच राहू दिले.

कोकणातला माणूस मात्र हौसेने क्वचितच निघे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते घरचं कर्ज फिटावं म्हणून. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा मथुरेला यज्ञ होता, दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत सापडलं बंड. मिळवलेलं लुटलं गेलं आणि शेवटी घरी आली ती गंगेची कावड. ते कर्ज फेडायला प्रवासाला निघाले, आणि आपण हप्ते पाडून प्रवासाला जातो. एवढाच काय तो दीडशे वर्षांतला फरक! असो.

हौसेने डोंगर चढायची आणि त्यासाठी पैसे मोजायची रीत युरोपातली. आल्प्समध्ये मों ब्लां या शिखराच्या पायथ्याशी शामोनी नावाचं गाव आहे. १८२० च्या ऑगस्टमध्ये डॉक्टर हॅमेल नावाच्या एका गृहस्थाची तुकडी तिथे चढत होती. हवा चांगली नव्हती, वाटाड्यांना परत फिरायचं होतं असं सांगतात. पण गिऱ्हाइकाने पुढे जायचं ठरवलं. हिमलोट आला, तीन वाटाडे त्याखाली गेले आणि गिऱ्हाईक वाचलं. त्या तिघांचे अवशेष हिमनदीच्या खालच्या टोकाला बाहेर पडले ते १८६१ मध्ये, चाळीस वर्षांनी.

पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना बांधली. जगातली ही अशी पहिली. तिचे नियम पाहिले तर थक्क व्हायला होतं. काम पाळीपाळीने मिळणार, दर ठरलेला असणार आणि मेलेल्यांच्या घरच्यांसाठी एक निधी असणार. म्हणजे या धंद्यातली पहिली संस्था उभी राहिली ती वाटाड्यांच्या बायकापोरांसाठी. गिऱ्हाइकाची सोय हा नंतरचा भाग. तीही झालीच. १८६३ मध्ये टॉमस कुकने इंग्लंडहून पहिली मंडळी स्वित्झर्लंडला नेली आणि पुढे हॉटेलची कुपनं काढली. पैसे घरीच भरा, तिथे कुपन फाडा. हुंडीचीच धाकटी बहीण म्हणायची.

हिमालयात ही रीत आली ती आधी मोहिमांबरोबर. ७ जून १९२२ रोजी एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला हिमलोटात सात हमाल गेले. साहेबांपैकी कोणीही नाही. १९२८ मध्ये हिमालयन क्लब स्थापन झाला (हल्ली त्याचं ठाणं आपल्या मुंबईत आहे) आणि त्याने दार्जिलिंगच्या शेर्पांची नोंद ठेवायला सुरुवात केली. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची एक पुस्तिका. मोहीम संपली की साहेब त्यात शेरा लिहिणार, 'कष्टाळू', 'विश्वासू', किंवा तसं काही. उत्तम काम करणाऱ्याला वाघाचा बिल्ला. पुढच्या साहेबाला तो शेरा वाचून माणूस निवडता येई.

इथे मी थबकलो. पंड्याच्या वहीत यजमानाचं नाव होतं. या पुस्तिकेत हमालाचं नाव आहे आणि लिहिणारा साहेब. साहेब कसा वागला, त्याने मजुरी वेळेवर दिली का, हे लिहायला हमालाच्या हाती कुठलीच वही नव्हती.

मग १९६४. जिमी रॉबर्ट्स नावाच्या निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने काठमांडूत 'माउंटन ट्रॅव्हल' ही कंपनी काढली. आयुष्य गुरखा पलटणीत आणि मोहिमांत गेलेलं. मोहिमांची सगळी व्यवस्था, म्हणजे तंबू, स्वयंपाकी, हमाल, वाटाड्या, त्याने शिखर वजा करून साध्या प्रवाशाला विकली. अमेरिकन मासिकात जाहिरात दिली, आणि १९६५ मध्ये पहिली गिऱ्हाइकं आली ती तीन अमेरिकन बाया. दर माणशी दिवसाला पंधरा डॉलर. आज आपण ज्याला 'ट्रेकिंग पॅकेज' म्हणतो ते तिथून सुरू झालं.

त्या काळात आपल्याकडे डॉलर म्हणजे देवदुर्लभ वस्तू होती. १९७० च्या दशकात परदेशी निघालेल्या माणसाच्या हाती विमानतळावर आठ डॉलर ठेवत, ही गोष्ट जुन्या मंडळींकडून तुम्हीही ऐकली असेल. २००० च्या जूनपासून फेमा कायदा आला, २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी पैसे पाठवायची योजना खुली केली आणि चित्र पालटलं. नेपाळचं मात्र सगळंच वेगळं. १९५० च्या करारामुळे व्हिसा नाही. नेपाळी रुपया आपल्या रुपयाला बांधलेला, १९९३ पासून आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. आणि नेपाळच्या प्रवासासाठी बँकेतून परकीय चलन घ्यायला फेमाच्या नियमांतच मनाई.

हे मला बँकेत गेल्यावर कळलं. एजन्सीने हिशेब डॉलरमध्ये दिला होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, नेपाळसाठी डॉलर नाही मिळत." मी रडकुंडीला आलो. मग ती सहज म्हणाली, "नेपाळला रुपये पाठवायची एक सोय आहे, पण ती तिकडच्या कामगारांना घरी पैसे पाठवता यावेत म्हणून आहे. तुमच्या ट्रेकसाठी नाही चालणार." रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये ही योजना काढली. आपल्या कुठल्याही एनईएफटी शाखेतून नेपाळात पैसे जातात, आणि २०२१ मध्ये तिची मर्यादा दोन लाखांपर्यंत वाढवली.

मी मान डोलावली आणि बाहेर पडलो. एजन्सीचा मुंबईत एक सहकारी निघाला, त्याच्या खात्यात रुपये भरले. चार दिवस गेले, सहा फोन झाले. आणि ज्याला पैसे पाठवायचा रस्ता सरकारने पंधरा वर्षांपूर्वी बांधून ठेवला होता, त्याची उचल पाठवायचं माझ्या मनातही आलं नाही. खरं सांगतो, त्या काउंटरवर उभा असताना त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

ऑक्टोबरात निघालो. त्याच वर्षी १ एप्रिलपासून नेपाळ पर्यटन मंडळाने परदेशी ट्रेकरांना वाटाड्या सक्तीचा केला होता. आपण सार्क देशातले म्हणून परवान्यांत सवलत. अन्नपूर्णा क्षेत्राचे हजार नेपाळी रुपये, बाकी परदेशी माणसाला तीन हजार.

या सक्तीच्या मागे थोरांग लाचीच एक आठवण आहे. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ विशाखापट्टणमला जमिनीवर आलं. आम्ही किनाऱ्यावरची माणसं. वादळ किनाऱ्याला लागलं की आमच्या लेखी ते संपतं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा दोन दिवस सगळे खाडीच्या मुखाकडे डोळे लावून बसले होते. जमिनीवर गेल्यावर ते कुठे विरलं, कोणी विचारलं नाही. हुदहुदचे ढग मात्र चालत चालत हिमालयात पोचले आणि १४ तारखेला थोरांग लाच्या परिसरात बर्फ होऊन कोसळले. चाळीसहून अधिक माणसं गेली. ट्रेकर होते, वाटाडे होते, हमाल होते, गुराखी होते. त्यानंतर सक्तीची चर्चा सुरू झाली ती अमलात यायला साडेआठ वर्षं लागली.

त्याच २०१४ मध्ये १८ एप्रिलला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार गेले होते. सरकारने प्रत्येक घराला तातडीची मदत म्हणून चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले. शेर्पा खवळले, त्या वर्षी त्या बाजूच्या मोहिमा बंद पडल्या आणि पुढे विम्याची रक्कम वाढवावी लागली. चाळीस हजार नेपाळी म्हणजे आपले पंचवीस हजार. माझी आगाऊ रक्कम बरोबर एवढीच होती.

आमच्या जोडीला एक वाटाड्या आणि एक भरिया. हमालाला तिकडे भरिया म्हणतात. विशीतला पोरगा. कपाळावरून नाम्लोचा पट्टा घेऊन माझी बॅग पाठीवर, पायात साधे बूट. मनांगपर्यंत, म्हणजे ३,५४० मीटरपर्यंत, मी ठीक होतो. पुढे याक खर्काला रात्री डोकं असं धरलं की काही सुधरेना, उलट्या सुरू झाल्या. वाटाड्याने पहाटे एका वाक्यात विषय संपवला, "सर, आपण खाली जायचं." ५,४१६ मीटरची खिंड वरच राहिली, मुक्तिनाथही राहिला.

खाली मनांगला आल्यावर दोन दिवसांनी जरा माणसात आलो, तेव्हा सहज विचारलं, "याच्या मजुरीचं काय?" वाटाडा म्हणाला, "जितके दिवस काम तितके पैसे. तीन दिवस कमी भरतील." भरिया शेजारीच बसून चहा पीत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला मात्र संताप आला. आजारी मी पडलो, वाट मी सोडली, आणि पैसे याचे कापणार? काठमांडूला फोन लावून तावातावाने बोललो. त्यांनी फारशी कुरकुर न करता सगळ्या दिवसांची मजुरी द्यायचं कबूल केलं. वाटाड्याने माझी पाठ थोपटली. मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं रात्रीपर्यंत टिकलं. अंथरुणात पडल्यावर माझाच आवाज आठवला. 'तू आधी ये, मग बघू.'

शामोनीचा निधी, दार्जिलिंगची पुस्तिका, बँकेतली योजना, सगळं वाचून आणि ऐकून मी आलो होतो. अनोळख्या मुलाच्या तीन दिवसांसाठी भांडलो होतो. कारण तिथे मी गिऱ्हाईक होतो आणि भांडायला पैसे पडत नव्हते. घरी मी मालक होतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राखणदार आला, गावच्या पाच-सहा जणांबरोबर. रुपैडिह्याला सरहद्द ओलांडायची, दिल्लीपर्यंत बस, तिथून मंगला एक्सप्रेसने रत्नागिरी. त्यांचा एक मुकादम असतो, तोच तिकिटं काढतो, वाट दाखवतो, काम लावून देतो. म्हणजे वाटाड्यासकट परदेशचा प्रवास हाही करतोच की, दर वर्षी! मी त्याला कौतुकाने थोरांग लाची गोष्ट सांगायला लागलो. तो हसला. "काका, मी पहाड नाही चढलो कधी. आमचं गाव मैदानात, भातशेती. बर्फ मी टीव्हीवर बघितला." पाच वर्षं तो माझ्या बागेत राहत होता आणि नेपाळी म्हणजे डोंगरातला, एवढंच मी धरून चाललो होतो.

मग विचारलं, "दसैंला पैशाचं काय केलंस?"

"साहूकडून घेतले. शेकडा तीन."

म्हणजे महिन्याला शंभरावर तीन रुपये. पंधरा हजारांवर महिन्याला साडेचारशे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर मिळून साडेतेराशे. त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन बँकेत गेलो. काउंटरवर तीच मुलगी. "काका, ट्रेक झाला?" म्हणाली. मी म्हटलं, "अर्धा झाला." त्याच्या घरी सोळा हजार तीनशे पन्नास पाठवले. वरचे साडेतेराशे घ्यायला तो तयार नव्हता. "व्याज मी घेतलंय काका, मीच देणार." मी म्हटलं, "ते माझ्यामुळे घ्यावं लागलं." बराच वेळ हो-नाही झालं. शेवटी घेतले, पण मनाविरुद्ध घेतले हे दिसत होतं. उशिरा दिलेले पैसे घेणाऱ्यालाही संकोचात पाडतात, हे मला तेव्हा कळलं.

माझ्या जमाखर्चाच्या वहीत त्या वर्षीच्या पानावर 'नेपाळ' या नावाखाली आता दोन रकमा आहेत. एक ऑगस्टची, एक नोव्हेंबरची. त्या एकाच महिन्यात पडायला हव्या होत्या. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेच्या सुमाराला आमच्याकडे बोटी बाहेर पडायची गडबड असते. आता त्या दिवसांत मी त्याचा फोन यायची वाट बघत नाही. आधीच बँकेत जाऊन येतो.

मुक्तिनाथ अजून राहिलाच आहे. आता पोखऱ्याकडून जीप जाते म्हणतात. बघू.